तोंडावरचा माणूस

मुकुंद लोखंडेच्या तोंडावर नेमलेला माणूस मंगळवारी सकाळी साडेसहाला बाहेर आला, स्वयंपाकघरात पाट ओढून बसला आणि त्यानं पाणी मागितलं.

ललितानं कणीक मळता मळता हात धुतले आणि त्याला तांब्या-भांडं दिलं. पन्नाशीच्या आसपासचा काटकुळा माणूस. अंगात खाकी शर्ट, कॉलरीला घामाचा पांढरा पट्टा. दोन भांडी पाणी त्यानं एका दमात संपवलं आणि मिशा पुसल्या.

"मी अडवकर," तो म्हणाला. "साहेबांच्या तोंडावर असतो. हातपायही माझ्याकडंच आहेत, पण मुख्य काम तोंडाचं. मनात आलेलं बाहेर पडायच्या आधी बघायचं आणि नको ते मागं परतवायचं."

"मग आज इकडं कसे?"

"रजा पाहिजे, बाई."

मुकुंद तोंडात ब्रश धरून मोरीच्या दारात उभा होता. दाढ काढल्यावर जीभ जशी मोकळ्या जागेत जाते तसं त्याला उठल्यापासून होत होतं. त्यानं चूळ भरली आणि विचारलं, "रजा कशाबद्दल?"

"काल संध्याकाळपासून नऊशे खेपा झाल्या, साहेब. माझं काम अडवायचं. तुम्ही मला बसूच देत नाही. गॅस बंद आहे का बघ. बघून येतो. परत बघ. कडी लागली का बघ. टाकीचा नळ बघ. स्कूटरची किल्ली बघ. आणि कालपासून तो तांदळाचा डबा. बूड टेकतोय तोवर पुढचं. मी तिकडं गेलो की इथली जागा रिकामी. रिकाम्या जागेतून काय काय बाहेर पडतं ते बाईंना ठाऊक आहे."

ललिताला चांगलंच ठाऊक होतं. लग्नाला वीस वर्षं झाली होती. मुकुंद तालुक्याच्या स्टँडवर गाड्या पुकारायच्या कामावर होता आणि जन्माचा काळजीखोर होता. ललिताच्या वडिलांनी स्थळ बघताना म्हटलं होतं, भित्रा आहे, म्हणजे निदान जपून बोलेल. ते काही खरं झालं नाही. दाराचं कुलूप चार वेळा ओढून बघणारा हा माणूस जिन्यावर भेटलेल्या शेजाऱ्याला सांगायचा की तुमचा नवा शर्ट पडद्याच्या कापडाचा दिसतो. एकाच अंगात इतकी भीती आणि इतका आगाऊपणा कसा राहतो, याचा तिला कधी उलगडा झाला नव्हता. या माणसानं तो चार वाक्यांत केला. तिला बरं वाटायला हवं होतं. तिला राग आला. हे सांगायला वीस वर्षं लावली.

"मी काही कुणाला पाठवत-बिठवत नाही," मुकुंद म्हणाला.

"आत्ताच पाठवलंत. गॅस." अडवकर गुडघ्यावर हात टेकून उठला आणि ओट्याकडं गेला.

"तुझ्या आईनं पहिल्या दिवाळसणाला दिलेला सदरा हरवला नव्हता," मुकुंद ललिताला म्हणाला. "मी तो स्टँडवरच्या एका वेडसर माणसाला दिला. मला त्याचा रंग आवडला नव्हता."

अडवकर परत आला. मुकुंदनं तोंडावर हात ठेवला.

"दोन दिवस शोधत होते मी तो सदरा," ललिता म्हणाली. "माळा उतरवला होता."

"बंद आहे," अडवकर म्हणाला. "आणि बाई, आणखी एक. मी जे बघून येतो ते दर खेपेला जरासं लांब जातं. गॅस आता पूर्वीच्या जागेवर नाही."

ललितानं वळून पाहिलं. ओटा खरंच मागं सरकला होता. महिनाभर तिचे पाय दुखत होते आणि ती गुडघ्याला तेल चोळत होती.

खरी अडचण चारूची होती. चारुशीला ही ललिताची धाकटी बहीण, जगदाळ्यांच्या घरी दिलेली. नवरा सुरतेला कामाला, दिवाळी-गणपतीला येणारा. चारू नर्सिंग शिकली होती, पहिल्या वर्गात पास झाली होती आणि गेली सहा वर्षं सासरी म्हशींचं शेण काढत होती. दोन वर्षांपूर्वी तिनं गुपचूप नोकरी मिळवली होती. त्याच सुमाराला जावेच्या मुलाचं बारसं होतं. मुकुंद घुगऱ्या खात होता, मनातल्या मनात घराची कडी तपासत होता आणि शेजारी बसलेल्या चारूच्या सासऱ्यांना म्हणाला, "आता चारू नोकरीला गेल्यावर तुमची अडचणच होणार." सासऱ्यांनी त्याच रात्री तिची सगळी प्रमाणपत्रं लोखंडी कपाटात घालून कुलूप लावलं. नोकरी गेली. चारू दाजींशी पुढं वर्षभर बोलली नाही. नंतर बोलायला लागली ते मुकुंदला जास्त जड गेलं.

आता श्रावणात, सत्यनारायणाच्या गडबडीत, कपाट पाच मिनिटं उघडं राहिलं होतं. चारूनं प्रमाणपत्रं काढली, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळली आणि ताईच्या स्वयंपाकघरातल्या तांदळाच्या डब्यात आणून पुरली. सोमवारी संध्याकाळी ती घाईघाईनं येऊन सांगून गेली. नाशिकच्या एका रुग्णालयात जागा मिळाली आहे. शुक्रवारी सकाळी दहाला मूळ प्रमाणपत्रांसह हजर व्हायचं आहे. गुरुवारच्या अकरा वीसच्या गाडीनं जायचं, भाजीला जातेय असं दाखवून, हातात नुसती पिशवी घेऊन. ताईनं प्रमाणपत्रं गाडीवर आणून द्यायची. हे मुकुंदला सांगायचं नव्हतंच. तो वेळेआधी घरी आला आणि चपला काढताना त्यानं सगळं ऐकलं.

"रजा गुरुवारी साडेअकरापासून घ्या," ललिता अडवकरला म्हणाली. "पंधरा दिवस घ्या, महिना घ्या. तोवर हलू नका."

"मी कुठं हलतोय. साहेब हलवतात."

"नाही पाठवणार," मुकुंद म्हणाला. "शपथ."

अडवकर उठून दाराकडं निघाला.

"आता कुठं?" ललितानं विचारलं.

"साहेब शपथ नीट घेतायत का, ते बाहेरनं बघून यायला सांगितलंय."

ललितानं कणकेवर मूठ मारली.

त्या दिवशी अडवकर स्कूटरवर मागं बसून स्टँडवर आला. पुकारायची खोली म्हणजे एक टेबल, एक माइक, वेळापत्रकाचा तक्ता आणि समोर काच, काचेला बोलण्यापुरती गोल खिडकी. काचेसमोर फलाट, फलाटापलीकडं रसवंती. रसवंती बंडू जगदाळेची. बंडू हा चारूच्या नवऱ्याचा चुलतभाऊ. दिवसभर तो उसाची कांडी चरकात घालत उभा असायचा आणि स्टँडवरून कोण कुठं गेलं ते संध्याकाळी जगदाळ्यांच्या ओसरीवर पोचायचं. आजवर मुकुंदनं त्याच्याकडं कधी नीट पाहिलं नव्हतं. मंगळवारी त्याला बंडूशिवाय दुसरं काही दिसेना.

नऊच्या सुमाराला त्यानं अडवकरला बंडूकडं पाठवलं, त्याला काही कळलंय का बघ म्हणून. माइक चालू होता.

"विट्याला जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर लागत आहे," मुकुंद म्हणाला. "नियंत्रक घोरपडे साहेबांच्या सौ. माहेरी गेल्या आहेत आणि साहेब आठ दिवस झाले स्टँडच्या टाकीवर आंघोळ करत आहेत."

घोरपडे डोक्याला साबण तसाच ठेवून आले. "लोखंडे, हे काय?"

"माझा माणूस जागेवर नव्हता, साहेब."

घोरपड्यांनी काचेतून पाहिलं. अडवकर रसवंतीपाशी उभा राहून बंडूच्या तोंडाकडं निरखून बघत होता. "त्याला जागेवर बसवा," ते म्हणाले. "माझा कधी उठलेला बघितलाय?" आणि साबण धुवायला गेले.

बुधवारी सकाळी स्वयंपाकघर बाहेरच्या खोलीपासून सात मिनिटांवर गेलं होतं. ललिता पोळ्या घेऊन यायची तोवर त्या गार व्हायच्या. आत मध्येच ऊन लागत होतं, ते कुठून येत होतं ते कळत नव्हतं, पण अडवकरची मान भाजून निघाली होती. तांदळाचा डबा कोपऱ्यात होता आणि तो कोपरा आता दिसत नव्हता.

"बघायचं बंद करा," ललिता म्हणाली. तिनं दाराच्या चौकटीला पाठ टेकली आणि तळपाय चोळला. "एकदाच सांगते. डबा आहे. डब्यात पिशवी आहे. पिशवीत कागद आहेत. काल मी स्वतः चाचपून बघितलंय. तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवा आणि गप बसा."

"ठेवलाय विश्वास."

"मग अडवकर कुठंय?"

मुकुंदनं खरंच प्रयत्न केला होता. सकाळपासून तो दोन्ही हातांवर बसून होता आणि कुणालाही कुठं पाठवायचं नाही असं घोकत होता. पण आपण पाठवत तर नाही ना, हे बघायलाही कुणालातरी पाठवावं लागत होतं.

अडवकर पंधरा मिनिटांनी आला. "डबा आहे, पिशवी आहे, कागद आहेत," तो म्हणाला आणि खाली बसला. "साहेब, मी कामचुकार नाही. सेहेचाळीस वर्षं हजेरी आहे माझी. पण मला एकदा, फक्त एकदा, सलग तासभर जागेवर बसू द्या. मग बघा मी काय अडवतो ते."

त्याच दुपारी, ललिता पदर खोचून डबा घेऊन यायला निघाली तेव्हाच, चारूच्या सासूबाई आल्या. अनुसयाबाई कधी न सांगता यायच्या नाहीत. त्या आल्या, सोफ्यावर मधोमध बसल्या आणि चपला त्यांनी अगदी पायाशीच काढून ठेवल्या.

"सहज आले," त्या म्हणाल्या. "चारूचं मन आजकाल घरात नाही. म्हटलं, बहिणीला काही बोलली असेल."

"छे हो, मावशी. मला कुठलं काय बोलते ती," ललिता म्हणाली.

"दाजींना काही बोलली असेल."

दोघींनी मुकुंदकडं पाहिलं. अडवकर दातांच्या आत उभा होता. मुकुंदला तो तिथं असल्याचं कळत होतं, तोंडात कुणी खांब रोवल्यासारखं. मग त्याच्या मनात आलं की डब्याचं झाकण बाईंना इथून दिसत तर नसेल? आणि खांब निघून गेला.

"चारू गुरु..." मुकुंद म्हणाला.

ललितानं ताटलीतला लाडू उचलून त्याच्या तोंडात घातला. अख्खा. "गुरुवार करते म्हणतायत हे," ती म्हणाली. "उपास. चारू हल्ली गुरुवार करते."

"आमच्या घरात तर करताना दिसली नाही."

"सांगत नसेल. उपास सांगून करायचा नसतो म्हणे."

अनुसयाबाईंच्या मनात जे आलं ते त्यांच्या तोंडावर कुठं उमटलं नाही. त्यांचा माणूस जागेवर होता, त्याची नोकरी पक्की होती. त्या नुसत्या मुकुंदच्या गालाकडं बघत बसल्या. लाडू गिळायला त्याला बराच वेळ लागला. बाई संध्याकाळी दिवे लागेपर्यंत हलल्या नाहीत. तेवढ्या वेळात मुकुंदनं डबा परत परत बघायला लावला.

त्या गेल्यावर अडवकरनं सांगितलं की डब्यापर्यंत जायला आता सव्वादोन तास लागतात आणि यायला तेवढेच.

ललितानं भाकरी बांधून ठेवली, पाण्याची बाटली भरली आणि गुरुवारी सकाळी सहाला चपला घालून ती स्वयंपाकघरात शिरली. जाताना तिनं मागं वळून बोट दाखवलं. "मी डबा घेऊन तडक स्टँडवर येते. तुम्ही फक्त गाड्या पुकारा. तक्त्यावर लिहिलंय तेवढंच. त्याच्या पुढं-मागं एक अक्षर नाही."

"आणि तुला उशीर झाला तर?"

"तर तुम्ही केलेला असेल."

ती चालत गेली. फ्रिजच्या पलीकडं तिची पाठ बराच वेळ दिसत होती.

स्टँडवर मुकुंदनं टेबलाच्या कडा धरल्या. त्यानं अडवकरला कुठंही पाठवलं नाही. नऊ वाजले. दहा वाजले. गॅसचा विचार आला, त्यानं तो तसाच मनात राहू दिला. कुलपाचा विचार आला. शर्ट पाठीला चिकटला. पण साडेदहाला त्याच्या लक्षात आलं की आपण दीड तासात तक्त्याबाहेरचं एक अक्षर बोललो नाही. अडवकर दातांच्या आत ताठ उभा होता. घोरपड्यांनी काचेवर टिचकी मारून मान हलवली. मुकुंदला रडू आलं आणि अडवकरनं तेही अडवलं.

अकराला पाच कमी असताना चारू आली. डोक्यावरून पदर, हातात पिशवी, पिशवीतून वर आलेली मेथीची जुडी. नाशिक गाडी चार नंबरला लागलेली होती. ती आधी गाडीकडं गेली, खिडकीची जागा धरून पिशवी ठेवली, मग खाली उतरून काचेपाशी आली.

"दाजी, ताई कुठंय?"

"निघाली आहे. स्वयंपाकघरातून."

"कागद?"

"तिच्याकडंच."

चारूनं स्टँडच्या फाटकाकडं पाहिलं. मग ती गोल खिडकीजवळ वाकली. तिच्या वरच्या ओठावर घाम होता.

"दाजी, मागच्या वेळचं मी मनातून काढून टाकलंय. खरंच काढलंय. पण या वेळी तुम्ही काही बोलू नका. मला दुसरं काही नको."

मुकुंदनं मान हलवली. ती गाडीकडं परत गेली आणि चढली.

अकरा दहाला बंडूनं चरक थांबवला. हात पुसत तो काचेपाशी आला. "पाव्हणं," तो म्हणाला, "आत्ता इथं आमची चारू वहिनी हुती काय?"

अडवकरनं दोन्ही हात वरच्या दातांना लावले.

"कोण?" मुकुंद म्हणाला.

"वहिनी. पदर घेतल्याली."

"पदर घेतलेल्या बऱ्याच असतात इथं."

हे इतकं सरळ बाहेर आलं की मुकुंद स्वतःच चकित झाला. बंडूनं कान खाजवला. त्याला ते पटलं असतं. पण मुकुंदच्या कपाळावरून एक थेंब नाकावर आला आणि टेबलावर पडला, आणि बंडू त्या थेंबाकडं बघत राहिला.

"बघूनच येतो," तो म्हणाला. "चार नंबरला गेल्यागत वाटली." आणि तो चालू लागला.

काचेपासून चार नंबरचा फलाट शंभर पावलांवर होता. बंडू वीस पावलं गेला. मुकुंदनं फाटकाकडं पाहिलं. ललिता नव्हती. त्यानं घड्याळाकडं पाहिलं. अकरा वाजून तेरा मिनिटं झाली होती. बंडू तीस पावलांवर होता. तेव्हा मुकुंदला सुचलं, आणि ते त्याला इतकं स्पष्ट सुचलं की त्यानं ते मोठ्यानं म्हटलं.

"अडवकर, चारू गाडीत आहे का बघून ये."

"साहेब, आत्ता नाही," अडवकर म्हणाला. "आत्ता जागा सोडायला सांगू नका. समोर माइक आहे."

"जा."

"लांब जाईल ती."

"म्हणूनच सांगतोय."

जन्मात पहिल्यांदा मुकुंदनं त्याला समजून-उमजून पाठवलं. अडवकर काचेच्या खिडकीतून बाहेर पडला, पळत गेला, पळत आला. "आहे." गाडी हातभर मागं गेली. "परत बघ." परत गेला. "आहे." "परत." फलाट ताणला गेला. बंडूच्या पुढ्यात एक खांब आला, जो आधी नव्हता, मग दुसरा, मग बाकडं, मग पाणपोई, परत खांब. प्रत्येक खांबावर एक भोंगा होता. बंडू चालतच होता आणि गाडी त्याच्यापासून होती तितकीच लांब राहत होती. अडवकरच्या खेपा वाढल्या तसा त्याला यायला वेळ लागू लागला, आणि जितका वेळ तो नव्हता तितका वेळ मुकुंदचं तोंड उघडं होतं.

"प्रवाशांनी लक्ष द्यावे," मुकुंद म्हणाला. त्यानं माइक दूर सारायला हात नेला. हातही अडवकरकडंच होते. हातानं माइक चालू केला आणि आवाज वाढवला. "चारुशीला जगदाळे ही नाशिकच्या गाडीत बसलेली आहे. ती भाजीला आलेली नाही. उद्या दहा वाजता तिला नोकरीवर हजर व्हायचं आहे. ती पहिल्या वर्गात पास झालेली आहे हे तिच्या सासरी कुणी कधी विचारलेलं नाही. तिची प्रमाणपत्रं माझ्या घरी तांदळात आहेत. मागच्या वेळी मी सांगितलं म्हणून तिची दोन वर्षं गेली. मला झोप लागत नाही."

स्टँडवरची माणसं थांबली. कुणीतरी केळ्याचं साल हातात धरून उभं राहिलं. घोरपडे दारात आले आणि "लोखंडे!" म्हणाले, पण आत आले नाहीत. बंडूनं मागं वळून भोंग्याकडं पाहिलं आणि तो पळू लागला.

"अडवकर!" मुकुंद ओरडला. तेही भोंग्यातून गेलं. "परत बघ!"

अडवकर आता शेंगेएवढा दिसत होता. त्यानं लांबूनच हात वर केला आणि वळला. गाडी आणखी मागं गेली. ती लाल ठिपक्याएवढी उरली आणि तिच्या खिडकीत काय आहे ते दिसेना.

अकरा अठराला ललिता फाटकातून आत आली. केसांत तांदळाची पूड, साडीचा काठ फाटलेला, काखेत पितळी डबा. चार पावलांवर तिला भोंग्यातून स्वतःच्या घरातलं सगळं ऐकू आलं. ती काचेसमोर येऊन उभी राहिली. तिचा श्वास लागला होता.

"दोन तास," ती म्हणाली. "दोन तास चालत गेले आणि तीन तास परत. आणि तुम्हाला दहा मिनिटं गप बसवलं नाही."

"तो तिच्यापर्यंत पोचला असता," मुकुंद म्हणाला. "मी गाडी लांब नेली."

ललितानं फलाटाकडं पाहिलं. तो सरळ जात होता, खांबामागून खांब, आणि पार टोकाला धूळ होती. धुळीत बंडू होता, वीतभर. त्याच्या पुढं लाल ठिपका.

"माझ्यापासनंही नेलीत," ती म्हणाली.

तिनं डबा काखेत वर सरकवला, काष्टा घालावा तशा निऱ्या खोचल्या आणि चालू लागली. धावली नाही. पाच तास चाललेल्या बाईच्या चालीनं ती गेली, एक भोंगा, दुसरा भोंगा, तिसरा. मुकुंद काचेला नाक लावून बघत होता. पुढं कुठंतरी परत येणारा अडवकर तिला भेटला. दोघं काहीतरी बोलले. अडवकरनं मुकुंदच्या खोलीकडं पाहिलं, मग गाडीकडं पाहिलं. मग त्यानं डब्याची दुसरी कडी धरली आणि तो तिच्याबरोबर उलटा चालू लागला.

तक्त्यावरच्या घड्याळाचा काटा अकरा वीसवर आला. बावीस वर्षं या वेळेला मुकुंद एकच वाक्य बोलत आला होता. चालक तेवढंच ऐकून गाडी सोडायचे. मुकुंदनं जबडा दोन्ही हातांनी दाबून धरला. हातांनी जबडा सोडला.

"नाशिककडे जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवरून सुटत आहे," मुकुंद म्हणाला.

फलाट फार लांब झाला होता. वाक्य पहिल्या भोंग्यातून वाजलं, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या, एकेका खांबावर थांबत पुढं निघालं. मुकुंद ते जाताना ऐकत होता. पाणपोईपाशी "नाशिककडे" म्हणून झालं, तेव्हा पुढच्या खांबाखालून ललिता आणि अडवकर डबा दोन बाजूंनी उचलून चालले होते. ललितानं ते मागून येताना ऐकलं असावं, कारण तिची पावलं मोठी झाली. त्यांच्या पुढं बंडू पळत होता, बंडूच्या पुढं गाडी उभी होती, आणि वाक्य खांब खांब करत त्यांच्या टाचांशी पोचत होतं.